माझ्याशिवाय जिंकलेलं वर्ष

ब्यूनोस आयर्स, १९ सप्टेंबर १९९३

बाबा,

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून लिहितोय. दर रविवारी आई म्हणते, "ते गॅरेजमध्ये आहेत." रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी, गॅरेजमध्ये! तिला खोटं बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. निदान तिच्यासाठी तरी खरंच गॅरेजमध्ये जाऊन बसत जा.

इथं सगळं उत्तम आहे. नाउतिको क्लबनं अकराव्या मजल्यावर घर दिलंय, खिडकीतून नदीचा तुकडा दिसतो. हॉल एवढा मोठा की आपलं अख्खं सान तादेओ आत आणून बसवलं तरी वरच्या रांगा रिकाम्या राहतील. कपडे धुवायला वेगळा माणूस, घोट्याला पट्ट्या बांधायला वेगळा. लांबचे सामने असले की विमान. कोच म्हणतात, माझ्या अनुभवाचा संघाला मोठा उपयोग होणार आहे.

तुमचं वाक्य मी विसरलेलो नाही. "मध्येच उतरणाऱ्याचं सामान मी टपावरून काढून देत नाही," असं म्हणून तुम्ही संघाच्या बसच्या स्टेअरिंगवर बसून राहिलात. बॅग मी स्वतः उतरवली. तुर्को आणि बाकीची पोरं काचेतून बघत होती. नऊ वर्षं बास्केटबॉल खेळलो मी आपल्या गावच्या स्पोर्तिवोसाठी. त्या नऊ वर्षांत एकदा आपण आठवे आलो, तर गावानं आठव्या नंबराची मिरवणूक काढली! मी एकतीस वर्षांचा झालोय. एकदा तरी विजेतेपदाचा चषक हातात घ्यावा असं वाटलं, तर त्यात गद्दारी कसली?

असो. नेली तरी माझ्याशी बोलते, बहीण आहे शेवटी. ती सांगत होती, माझ्या जागी आणलेला तो अमेरिकन आपल्या घरी राहायला आलाय. क्लबच्या खोलीचं छत गळतं म्हणे. ठीक आहे, चार दिवसांचा प्रश्न असेल. पण माझ्याच खोलीत कशाला? नेलीची शिवणाची खोली रिकामीच असते की. त्याचे पाय खाटेबाहेर जातात म्हणून तुम्ही पायथ्याशी खोकं ठोकून दिलंत, हेही कळलं. माझ्या लहानपणापासून त्या खाटेचा एक पाय डुगडुगतोय. त्याला तुम्ही कधी एक खिळा मारला नाहीत.

नऊ नंबरचा शर्टही त्यालाच दिलाय म्हणे. द्या. नंबर काय, कुणाच्या बापाचा नसतो.

अनीबाल


ब्यूनोस आयर्स, २९ नोव्हेंबर १९९३

बाबा,

परवा आमचा सामना तुमच्याकडे होता. मी आलो होतो हे तुम्ही पाहिलंत का, माहीत नाही. मला तरी तुमची पाठच दिसली.

गावानं शिट्ट्या मारून माझी हुर्यो उडवली. ते चालायचंच. पण पहिल्या रांगेतून सगळ्यांत जोरात शिटी मारणारा आपला बेकरीवाला होता, ज्याच्या पोरीच्या लग्नात मी पहाटेपर्यंत नाचलो होतो. कोचनी मला चारच मिनिटं खेळवलं. गुडघा थोडा कुरकुरतो, म्हणून जपून वापरतात. तुम्ही अकरा गुणांनी जिंकलात. सलग आठवा विजय. पाहा, मी मोजतोय.

सामना संपल्यावर मी हॉलच्या मागच्या अंगणात आलो. तुम्ही जाडीच्या काचा पुसत होतात. गावात सगळ्यांच्या गाड्यांना कंपनीची नावं, आपल्याच बसला हे नाव. मी तिच्या अंगावर हात ठेवला.

"कशी आहे जाडी?"

"बरी आहे."

"पुढचा डावा टायर घासलाय."

"दिसतंय मला."

एवढंच. दोन महिन्यांनी भेटलेल्या बापलेकांचं बोलणं ते हे. आणखी काय बोलावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तो आला. ओले केस, एका खांद्यावर बॅग, बगलेत आपल्या घरचा थर्मास. अख्खं गाव त्याला लामोन म्हणतं, त्याचं खरं नाव काय ते त्यालाही आता आठवत नसेल.

"चला, म्हातारा! भूक लागला!"

"लागली," तुम्ही म्हणालात. "भूक लागली."

"लागली, लागली. आणि आई कुठे गेला?"

आणि तुम्ही हसलात, बाबा. फडका हातात धरून, मान मागे टाकून. मला तुमच्या दाढेवरची सोन्याची टोपी दिसली. ती तुम्ही बसवून घेतलीत तेव्हा मी शाळेत होतो, आणि ती मी परवा पहिल्यांदा पाहिली.

त्यानं माझ्याशी हात मिळवला. "तू अनीबाल. खूप ऐकला तुझ्याबद्दल," म्हणाला. कोणाकडून ऐकलं, काय ऐकलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

लांबच्या प्रवासात आता तोच तुमच्या मागच्या सीटवर बसतो आणि तुम्हाला मातेचा कडू चहा भरून देतो, असं नेली म्हणाली. अमेरिकन माणूस माते करतो! पाणी उकळू द्यायचं नाही, पानं करपतात, हे त्याला ठाऊक आहे का? नेली म्हणाली, बाबांनीच शिकवलं. मला नव्हतं शिकवलंत तुम्ही. मी बघून बघून शिकलो आणि पहिल्या वर्षी तुम्ही प्रत्येक घोटाला तोंड वाकडं केलंत.

अनीबाल


ब्यूनोस आयर्स, १३ फेब्रुवारी १९९४

बाबा,

कार्निव्हलचे दिवस आहेत आणि मी घरात बसलोय. खरं सांगायचं तर या खिडकीतून नदी दिसत नाही. समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली धुणी दिसतात. गुडघाही ठीक आहे. माझ्या जागी एक बावीस वर्षांचा पोरगा खेळतो आणि मी राखीव बाकावर बसून टाळ्या वाजवतो. हे तुम्हाला वर्तमानपत्रातून कळलंच असेल, पण मी लिहिलं नव्हतं, म्हणून लिहितो.

तुम्ही लोक पहिल्या नंबरावर आहात. इथं रेडिओवर रात्री निकाल सांगतात. निवेदक "सान तादेओ" म्हणायच्या आधी क्षणभर थांबतो, हे गाव नकाशावर कुठं आहे असा त्याला प्रश्न पडल्यासारखा. दर वेळी मी मनात म्हणतो, हरले असतील. आणि दर वेळी!

मंगळवारी मी तुर्कोला फोन केला. कप्तान झाल्यापासून तो आवाज खाली ठेवून बोलायला लागलाय.

"ऐकलं ना, आम्ही वर आहोत?" तो म्हणाला.

"ऐकलं. आनंद वाटला."

"अनीबाल, नऊ वर्षं एकाच शॉवरखाली आंघोळ केली आपण. आनंद झाल्यावर तुझा आवाज असा येत नाही."

मग मी विचारलंच. त्या अमेरिकनात असं आहे तरी काय? खेळाच्या मानानं तो उंच नाही, फार वेगवानही नाही, लांबून नेम बरा, एवढंच.

"तो चेंडू सोडतो, दुसऱ्यासाठी," तुर्को म्हणाला.

"आणि मी सोडत नव्हतो?"

"सोडायचास की. सगळ्या वाटा बंद झाल्या की सोडायचास."

"तुर्को, मी एका सामन्यात चाळीस गुण केलेत त्या संघासाठी."

"केलेस. आणि तो सामना आपण हरलो. चिडू नकोस. तू वाईट खेळायचास असं नाही म्हणत मी. तू इतका चांगला खेळायचास की आम्ही उभं राहून तुला बघायचो. आता बघायला सवडच नाही, चेंडू येऊन नाकावर आदळतो. वेबरला विचार. त्याचं नाक सुजलंय."

वेबर! जो नऊ वर्षं कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या मोज्यांकडे बघायचा, त्याचं नाव आता इथल्या वर्तमानपत्रात येतं.

आपल्या गावच्या पेपरात माझ्याबद्दल एकदा छापून आलं होतं, "संघाला एकट्यानं पाठीवर वाहणारा." आईनं ते कापून जपून ठेवलंय. म्हणजे ते कौतुक नव्हतं, दुखणं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. बाबा, तुम्हीही मागं बघायच्या आरशातून नऊ वर्षं माझं तोंड बघत होतात. तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत? त्याला भूक लागला की लागली हे सांगायला तुमच्याकडे वेळ आहे, आणि मला एवढं सांगायला नव्हता?

गेल्या शनिवारी मी गाउचितो संताला लाल मेणबत्ती लावली आणि स्पोर्तिवो हरू दे अशी प्रार्थना केली. आईला सांगू नका. तुम्ही दोन गुणांनी जिंकलात. संतसुद्धा आपल्या भागातलाच पडला ना.

अनीबाल


ब्यूनोस आयर्स, १६ मे १९९४

बाबा,

मी चेंडूवरच झेपावलो होतो. हे आधी लिहितो, कारण इतर कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

उपांत्य फेरी दोन-दोन अशी अडलेली, पाचवा सामना तुमच्या हॉलमध्ये, आणि आमचा तो बावीस वर्षांचा पोरगा पाच फाउल होऊन बाहेर गेलेला. कोचनी बाकाकडे पाहिलं आणि मान हलवली. वर्षभर ज्या मान हलवण्याची वाट बघितली, ती त्या हॉलमध्ये, त्या लोकांसमोर आली. म्हणाले, "लामोनला एक सोपी बास्केट मिळता कामा नये." मी कोचचं ऐकलं. तो उडी मारून वर गेला होता, मी खालून गेलो. असं दर सामन्यात होतं. तो हातावर पडला ते नशीब.

पंचांनी मला बाहेर काढलं. कुणीतरी बर्फ फेकला, कुणीतरी नाणी. ते सोडा. तुम्ही बाकाच्या टोकावरून उठून कोर्टवर आलात. तुम्ही आणि तुर्कोनं त्याला उठवलं. तुम्ही त्याचा तो वाकडा हात असा धरला होतात, जसं एखादं पाखरू घरट्याबाहेर पडलंय. मग माझ्याकडे पाहिलंत. शिवी घातली असतीत तर बरं झालं असतं.

तरीही तुम्ही तीन गुणांनी जिंकलात. त्याच्याशिवाय. अंतिम फेरीत पोचलात.

मी चेंडूवरच झेपावलो होतो.

अनीबाल


ब्यूनोस आयर्स, १४ जून १९९४

बाबा,

तुम्हाला आईनं सांगितलं असेल, मी आलो होतो. तुम्ही सगळे तीन-दोन अशी आघाडी घेऊन अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यासाठी पुएर्तो रोल्दानला निघालात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. नेलीनं फोनवर सांगितलं होतं की जाडी गेली, आणि डॉक्टरांनी लामोनला प्रवास करू दिला नाही. तुम्ही नसताना आलो हे खरं. तुमच्या त्या नजरेसमोर पुन्हा उभं राहण्याची ताकद माझ्यात नव्हती.

आईनं दार उघडलं, मला मिठी मारली, आणि मग खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. "आत जा आणि त्याला काय सांगायचं ते सांग," म्हणाली. "नंतर जेवायला मिळेल."

तो स्वयंपाकघरात होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं कांदा चिरत होता. मला बघून त्यानं सुरी खाली ठेवली नाही.

"अनीबाल," तो म्हणाला. "तुझा खाट फार वाईट आहे."

"माहीत आहे."

"माझी पाठ गेला. आता हात गेला. या घरात तुझ्या वस्तूंपासून मला फार त्रास."

मी काय काय घोकून आलो होतो, सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "मी चेंडूवर झेपावलो नव्हतो."

"माहीत आहे. चेंडू तिकडे होती. तू इकडे होता."

"मला तुझा राग यायचा."

"का? मी तुला काय केला?"

काय सांगणार? तू माझ्या वडिलांना हसवतोस, हे? एकतीस वर्षांच्या माणसानं? पण मी सांगितलं. त्यानं खांदे उडवले. "म्हातारा माझ्यावर हसतो, कारण मी गाढवासारखा बोलतो. तुझ्यावर कसा हसणार? तू नीट बोलतो." आणि थोड्या वेळानं, "बसमध्ये रात्री तो तुझ्याच गोष्टी सांगतो. मला अर्धा समजत नाही. तरी सांगतो." मग उरलेला कांदा त्यानं माझ्यापुढे सरकवला. मी चिरायला घेतला.

संध्याकाळी सामना. आईनं रेडिओ ब्रेडच्या डब्यावर ठेवला, कारण तिथं तो कमी खरखरतो. तुम्ही तिकडे होतात, सगळं डोळ्यांनी पाहिलंत, म्हणून मी तुम्हाला सामना सांगत बसत नाही. पण आमच्याकडे काय झालं ते लिहितो. निवेदक इतका भराभर बोलत होता की लामोनला शब्द कळत नव्हते. मग मी त्याला मीठदाणी, मिरपूड आणि वाट्या मांडून दाखवायला लागलो. तुर्को म्हणजे मीठदाणी, वाट्या म्हणजे समोरचा संघ. एक गुण मागे, शेवटचा चेंडू आपल्याकडे. मीठदाणी डावीकडून आत शिरली. चार वाट्या तिच्यावर धावल्या. मी नऊ वर्षं तिथंच होतो, बाबा, त्या चार वाट्यांच्या मध्ये, आणि दर वेळी मी स्वतःच वर गेलो. तुर्को थांबला. निवेदक ओरडला, "वेबर! वेबर मोकळा आहे!" आई उभी राहिली. नेलीनं कान झाकले. मग नुसता श्वास ऐकू आला, निवेदकाचा, जसा कुणी आपल्याच कानाशी घेतोय. आणि मग त्याला शब्दच सुचेनात. तो नुसता "सान तादेओ, सान तादेओ" म्हणत राहिला. या वेळी मध्ये न थांबता.

आई आणि नेली रस्त्यावर धावल्या. चर्चची घंटा, गाड्यांचे भोंगे, कुणीतरी कापसाच्या गिरणीचा भोंगा सुरू केला. आम्ही दोघं स्वयंपाकघरातच. मी बघितलं तर लामोन प्लास्टरकडे बघत बसलेला.

"नऊ महिने," तो म्हणाला. "नऊ महिने मी आणला त्यांना इथपर्यंत. आणि आज मी कांदा."

"तू खूश नाहीस?"

"खूश आहे. खूप खूश." त्यानं डाव्या मुठीनं छातीवर ठोकलं. "पण इथे आत एक कुत्रा आहे. तो म्हणतो, माझ्याशिवाय जिंकला. माझ्याशिवाय कसा जिंकला?"

"त्या कुत्र्याला मी ओळखतो," मी म्हणालो. "माझ्याकडे तो सप्टेंबरपासून आहे."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग आम्ही दोघं हसायला लागलो, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई परत आली तेव्हा तिला वाटलं आनंदानं हसतोय. तिनं आम्हा दोघांचे मुके घेतले.

हेवा गेला असं मी लिहिणार नाही. खिडकीतल्या नदीसारखं होईल ते. रात्रभर गाव नाचत होतं आणि मी माझ्याच घरात खिडकीमागं उभा होतो, कारण बाहेर जाऊन मी कुठलं गाणं म्हणणार होतो? सकाळच्या बसनं निघालो. रेसिस्तेन्सियाच्या अलीकडे समोरून जाडी आली. पुढं दोन मोटरसायकली, खिडक्यांतून झेंडे लोंबत होते, आणि आत सगळे झोपलेले. तोंडं उघडी, डोकी काचेला टेकलेली. विजेते! एकटे तुम्ही जागे होतात. मी उठून उभा राहिलो, पण तोवर तुम्ही गेला होतात.

नाउतिको मला पुढच्या वर्षी ठेवणार नाही. दक्षिणेकडच्या एका छोट्या क्लबनं विचारलंय. शेवटून दुसरा संघ आहे. बहुतेक जाईन. तिथं चेंडू सोडून बघेन म्हणतो.

अनीबाल


सान तादेओ, २६ जून १९९४

अनीबाल,

तुझं बारीक अक्षर मला लागत नाही, म्हणून पत्र आईनं वाचून दाखवलं. आधीचीही वाचली होती. त्यांत उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

फाउलचं मी काही बोलणार नाही. लामोन म्हणतो संपलं, तर संपलं. रस्त्यात तुमच्या बसला मी लाइट मारला होता. तू आत आहेस हे माहीत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनाच मारत होतो.

एक गोष्ट मी इथं कुणाला सांगितलेली नाही. शेवटची दोन मिनिटं मी पाहिली नाहीत. कुणीतरी आत येऊन म्हणालं की बाहेर पोरं पाहुण्यांच्या गाड्यांवर दगड मारताहेत. मी धावत गेलो आणि जाडी मागच्या गल्लीत नेऊन लावली. परत आलो तर दार आतून बंद. ठोकलं, पण कोण ऐकतो. आत ओरडा झाला, कुणाचा ते कळेना. दारावरच्या त्यांच्या माणसाला विचारलं, काय झालं. तो रडत होता. त्याच्यावरून कळलं.

एकवीस वर्षं ही बस चालवली. परतताना सगळे विचारत होते, डॉन एलिसेओ, वेबरचा थ्रो बघितलात ना? बघितला म्हणालो. आता गावात जो भेटतो तो तेच काढतो. बेकरीवाला काढतो, पाद्री काढतो. प्रत्येकानं तो पाहिलाय नाहीतर ऐकलाय. मला प्रत्येकाचा हेवा वाटतो. तुझ्या आईचासुद्धा.

तुझ्या पत्रातला तो भाग तिला तीनदा वाचायला लावला. तिला संशय आलाय. शिवाय ती घाईत वाचते. तुर्को डावीकडून शिरला एवढं कळलं. वेबर कुठल्या कोपऱ्यात होता ते तू लिहिलेलं नाहीस.

दक्षिणेला जायचं तर जा. त्याआधी शनिवारी ये. मी स्टँडवर असेन. घरी यायच्या आधी कुठंतरी बसू, आणि सुरुवातीपासून सांग. सावकाश.

बाबा